साप माझं ऐकत नाही! (बाबांसाठी ब्राउझरमधला स्नेक गेम, मदत हवी)

अबोली
नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकायचा कळलं नाही म्हणून इथे टाकतेय, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

तर झालंय असं की आमच्या बाबांचा नोकिया ११०० मागच्या महिन्यात कायमचा गेला. टॉर्चवाला हो, तोच. इतकी वर्षं वापरला, बॅटरी दोनदा बदलली, कीपॅडवरचा ५ पार पुसला गेला होता. आता टॅब घेऊन दिलाय. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप शिकले, भजनं लावायला शिकले, पण दुपारी जेवल्यावर ते जो सापाचा गेम खेळायचे तो काही मिळेना. चारपाच अ‍ॅप घालून दिली तर सगळ्यांत दर दोन मिनिटांनी जाहिरात आणि साप रंगीबेरंगी, डोक्यावर टोपी घातलेला. बाबा म्हणाले, "हा साप नाही, हे वरातीतलं घोडं आहे."

मग म्हटलं आपणच करू. मी बँकेत नोकरी करते, कोडिंगशी संबंध एक्सेलच्या फॉर्म्युल्यापुरता. एआयला विचारत विचारत तीन रात्री बसून एकच एचटीएमएल फाईल केली, त्यात कॅनव्हास (पानावर चित्र काढायची जागा), २० बाय २० चौकटी, हिरवट रंग, काळे चौकोन. लॅपटॉपवर अ‍ॅरोच्या बटणांनी छान चालतो. मला वाटलं जिंकलं. बाबांनी दहा मिनिटं खेळून चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "साप माझं ऐकत नाही. आणि लबाड आहे. मी वळवायला गेलो की मरतो."

मी खेळले तर असं काही होत नाही. ते खेळले की दर दोनतीन मिनिटांनी होतं. भिंत दूर, शेपूट दूर, मोकळ्या मैदानात साप मरतो. बाबा ७४ वर्षांचे, हात जरा थरथरतो, मला आधी वाटलं तेच चुकीचं बटण दाबत असतील. पण ते ठाम आहेत. कोणाला काही अंदाज?

बाकरवडी
मोकळ्या मैदानात अचानक मरतो म्हणजे हार्ट अटॅक. सापाचं लिपिड प्रोफाईल करून घ्या.

तर्कट
तीन रात्री कशाला घालवल्या. एआयला सांगायचं बग (कोडमधली चूक) काढ म्हणून, अर्ध्या मिनिटात काढतो.

अबोली
@तर्कट सांगितलं ना! त्याने माफी मागितली आणि सापाचा वेग कमी केला. बाबा म्हणाले आता हा गाभण साप वाटतोय.

मिसळ जास्त तर्री
गाभण साप _/\_ हसून हसून पुरेवाट

खटपट्या
अबोलीताई, हसण्यावारी नेऊ नका, बाबांचं बरोबर असण्याची शक्यता खूप आहे. एक करा, त्यांच्या शेजारी बसा आणि फक्त बोटं बघा, स्क्रीन बघू नका. मरण्याआधी यू टर्न घेत होते का? म्हणजे साप उजवीकडे चाललाय, वर दाबलं आणि लगेच डावीकडे, असं?

अबोली
@खटपट्या अगदी हेच!! आत्ता बसून बघितलं. उजवीकडे चाललेला, वर-डावीकडे असं टक-टक पटकन दाबतात, जुन्या फोनवर बोटाला तशी सवय आहे. मी तेच सावकाश करते म्हणून माझा मरत नाही. पण असं का?

सातवा मजला
मी सविस्तर लिहितो. कोड इथे चिकटवला की त्याची खिचडी होते, त्यामुळे शब्दांतच सांगतो.

तुमचा साप सतत सरकत नाही, तो ठोक्यावर सरकतो. समजा दर १२० मिलिसेकंदांनी एक ठोका, म्हणजे सेकंदाला साधारण आठ घरं. बटण मात्र कधीही दाबलं जातं, दोन ठोक्यांच्या मधेसुद्धा. कोडमध्ये 'दिशा' नावाचं एक व्हेरिएबल (माहिती ठेवायचा कप्पा) असणार आणि बटण दाबलं की ते तिथल्या तिथे बदलत असणार. शिवाय एक नियम असणार की चालू दिशेच्या बरोब्बर उलटी दिशा घ्यायची नाही, कारण उलटा फिरला तर साप स्वतःच्या मानेतच घुसेल.

आता बाबा काय करतात बघा. साप उजवीकडे. बाबांनी वर दाबलं, दिशा झाली 'वर'. साप अजून हललेला नाही, ठोका पडायचाय. तेवढ्यात बाबांनी डावीकडे दाबलं. कोड बघतो, चालू दिशा काय, तर 'वर'. वरच्या उलट खाली, डावी काही उलटी नाही, घ्या आत. दिशा झाली 'डावी'. मग ठोका पडतो. साप प्रत्यक्षात उजवीकडेच तोंड करून उभा आहे आणि त्याला सांगितलंय डावीकडे जा. गेला मानेत. मेला.

म्हणजे नियम पाळला जातोय, पण चुकीच्या गोष्टीशी ताडून. ताडायचं ते शेवटच्या दाबलेल्या बटणाशी नाही, शेवटच्या ठोक्याला साप ज्या दिशेला खरोखर सरकला तिच्याशी. तुम्ही सावकाश दाबता, दोन बटणांच्या मधे ठोका पडतो, म्हणून तुम्हाला बग दिसत नाही. बाबा तुमच्यापेक्षा चांगले खेळतात म्हणून त्यांना दिसतो. :)

पोपटी
शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवा.

अबोली
दाखवलं. चहा मागितला त्यांनी, स्वतःहून. एरवी चार वाजल्याशिवाय मागत नाहीत.

आजोबा मोड
छान धागा. माझं वय ६६, मीही ह्याच पंथातला. पण एक दुरुस्ती. अबोलीने लिहिलंय 'भिंत दूर', म्हणजे तिच्या गेममध्ये भिंतीला आपटून साप मरतो असं दिसतं. नोकियाच्या गेममध्ये भिंतीला मरत नसे. इकडून गेला की पलीकडच्या बाजूने बाहेर यायचा. मी ३३१० वर हजारो वेळा खेळलोय.

तर्कट
काका, भिंतीला मरायचा. माझ्या मामाचा फोन होता, आपटला की संपलं.

आजोबा मोड
तुमच्या मामांचा फोन कुठला होता माहीत नाही, आमचा ३३१० होता आणि मरत नसे.

मिसळ जास्त तर्री
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

खटपट्या
अहो दोघंही बरोबर आहात, भांडू नका. १९९७ साली ६११० नावाच्या फोनवर पहिल्यांदा आला तो गेम, नोकियातल्या तानेली आर्मांतो नावाच्या इंजिनियरने केलेला, त्यात भिंतीला आपटला की संपलं. २००० साली ३३१० आला त्यावर स्नेक टू होता, त्यात आरपार जायचा. ११०० वरही स्नेक टू च. त्यामुळे अबोलीताई, तुमच्या बाबांना आरपारवालाच हवा असणार, विचारून घ्या. कोडमध्ये अगदी सोपं आहे, घराच्या आकड्यात २० मिळवायचे आणि २० ने भागून बाकी घ्यायची. डावीकडे शून्याच्या मागे गेला तर उणे एकचं एकोणीस होतं. आधी २० मिळवायला विसरू नका, जावास्क्रिप्टमध्ये उणे संख्येची बाकी उणेच येते आणि साप पडद्याबाहेर गायब होतो. माझा गेला होता, पाऊण तास शोधत होतो.

आणि सापाचं मूळ फोनच्याही आधीचं, आर्केडमधलं (नाणं टाकून खेळायच्या मशीनमधलं) आहे. १९७६ मध्ये ग्रेमलिन कंपनीचं ब्लॉकेड नावाचं मशीन होतं, दोघांनी खेळायचं, प्रत्येकाच्या मागे भिंत वाढत जायची आणि ज्याची वाट आधी संपेल तो हरला.

रानजाई
मी फिनलंडमध्ये एस्पोला राहते, नोकियाचं मुख्यालय ह्याच गावात. इथे ह्या गेमला कोणी साप म्हणतच नाही, 'मातोपेली' म्हणतात. मातो म्हणजे अळी किंवा गांडूळ, पेली म्हणजे खेळ. आमच्या ऑफिसातल्या आजीच्या वयाच्या बाईंना मी 'साप' म्हटलं तर त्या मला म्हणाल्या, साप कुठे आहे त्यात?

बाकरवडी
म्हणजे इतकी वर्षं आपण गांडूळ पाळत होतो. अबोलीताई, बाबांना हे सांगू नका.

अबोली
अपडेट. सातवा मजला यांनी सांगितलं तसं केलं, 'शेवटची सरकलेली दिशा' असं वेगळं व्हेरिएबल ठेवलं. साप आता मोकळ्या मैदानात मरत नाही. भिंतही आरपार केली, बाबांना विचारल्यावर ते म्हणाले "अर्थात", जणू काय हे विचारायचं असतं का.

पण आता नवीन तक्रार. "मरत नाही, पण अर्धंच ऐकतो." वर-डावीकडे दाबलं की वर जातो आणि वरच जात राहतो, डावीकडे वळतच नाही. परत डावीकडे दाबावं लागतं, तोपर्यंत दोन घरं पुढे गेलेला असतो.

सातवा मजला
हो, चूक माझी, अर्धवट सांगितलं. डावीकडेचं बटण दाबलं तेव्हा साप उजवीकडेच सरकलेला होता, त्यामुळे ते बटण उलटं ठरून फेकलं गेलं. पूर्वी साप मरत होता, आता बटण मरतंय.

बटणं फेकायची नाहीत, रांगेत उभी करायची. एक छोटी यादी ठेवा. बटण दाबलं की यादीच्या शेवटी घाला. प्रत्येक ठोक्याला यादीतलं पहिलं एकच काढा आणि वळा. उलटं आहे का हे तपासताना यादीतल्या शेवटच्या बटणाशी ताडा, यादी रिकामी असेल तर सापाच्या खऱ्या दिशेशी. आणि यादीत दोनपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर कोणी घाबरून दहा वेळा दाबलं तर साप पुढचा सव्वा सेकंद जुन्या आज्ञा पाळत बसेल.

पोपटी
म्हणजे रेशनची रांग. एका वेळी एकच, आणि धक्काबुक्की नाही.

तर्कट
एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ तयार गेम इंजिन घ्या ना. फेजर वगैरे आहेत. बटणं, आवाज, टच सगळं आयतं.

खटपट्या
सापासाठी फेजर म्हणजे मुंगी मारायला जेसीबी. आणि हा बग इंजिनात पण येणारच, इंजिनला काय माहीत तुमचा साप ठोक्यावर चालतो ते.

तर्कट
बरं बाबा, चालू द्या. मी आपलं सुचवलं.

आजोबा मोड
अवांतर होतंय पण लिहितो. नव्वदच्या आसपास आमच्या गावात बसस्टँडच्या मागे एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली, पत्र्याचं दार, आत तीन मशीन आणि एक स्टूल. एक रुपयाला एक डाव. मालक कनवटीला नाण्यांची पिशवी बांधून दारात बसायचा आणि कोणाचा बाप येताना दिसला की पत्र्यावर दोनदा टिचकी मारायचा, आम्ही मागच्या बोळातून पसार. वास्तविक मी तेव्हा तिशीतला, नोकरीला लागलेला, पण माझा बाप तरीही शोधत यायचा. तिथे एक परग्रहावरचे खेकडे खाली येतात तो गेम होता, जितके मारू तितके उरलेले जोरात पळायचे. शेवटचा एक उरला की वेड्यासारखा धावायचा. ते कसं करत असतील ह्याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे.

सातवा मजला
काका, तो स्पेस इन्व्हेडर्स. १९७८, जपानची ताइतो कंपनी, तोमोहिरो निशिकादो यांनी केलेला. आणि गंमत म्हणजे ते तसं करायचं ठरवून झालेलं नाही. ११ च्या ५ रांगा, एकूण ५५ शत्रू, आणि आतला प्रोसेसर इंटेल ८०८०, तो बिचारा ते सगळे काढताना दमायचा. शत्रू कमी झाले की काढायचं काम कमी, मग उरलेले भराभर सरकायला लागले. निशिकादोंच्या लक्षात आलं की ह्यानेच मजा येतेय, त्यांनी ते तसंच ठेवलं.

ह्यावरून आठवलं, अबोलीताई, तुमचा ठोका कशावर चालतो ते बघा. एआय बऱ्याचदा रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम (पडदा दर वेळी नव्याने रंगताना, म्हणजे दर फ्रेमला, कोड चालवायची सोय) लावून देतो आणि 'दर आठ फ्रेमना एक पाऊल' असं लिहितो. तुमच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, हल्लीचे बरेच फोन आणि टॅब ९० किंवा १२० वेळा. तिथे तोच साप दीडपट किंवा दुप्पट पळेल. निशिकादोंना ते पथ्यावर पडलं, तुमच्या बाबांना पडणार नाही. फ्रेम मोजू नका, वेळ मोजा. मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते साठवत जा, १२० झाले की एक ठोका, १२० वजा करा, पुढे चला.

आजोबा मोड
म्हणजे मशीन दमायचं! तीसपस्तीस वर्षांनी उत्तर मिळालं. धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

अबोली
रांग केली. चालली!! बाबा काही बोलले नाहीत, नुसते खेळत बसले, हीच पावती.

मग मी हौसेने दोन उद्योग केले आणि दोन्ही अंगाशी आले.

एक, लॅपटॉपला आमच्या बँकेत असतं तसं आकड्यांचं वेगळं कीपॅड लावून दिलं, म्हटलं बाबांना २-४-६-८ ची सवय आहे. तर आणखी गोंधळ. फोनवर १-२-३ वरच्या ओळीत, म्हणजे २ म्हणजे वर. कंप्युटरच्या कीपॅडवर ७-८-९ वर, म्हणजे २ खाली! मी दिवसभर ते कीपॅड बडवते आणि हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी २ ला 'वर' लावलं तर बाबांचं बोट सवयीने वरच्या ओळीतल्या मधल्या बटणावर, म्हणजे ८ वर जातं आणि साप खाली जातो. ८ ला 'वर' लावलं तर ते वैतागून म्हणतात "वर म्हणजे २ ना गं?" बोट जागा लक्षात ठेवतं आणि डोकं आकडा.

दुसरं, टॅबवर टाकला आणि बोट फिरवून वळायची सोय केली. बाबांचं बोट फिरतच नाही, ते टेकवतात. थरथरीमुळे कधी तिरकं जातं, साप भलतीकडे. वर भर म्हणजे दोनदा टेकवलं की पान मोठं होतं आणि अर्धा साप पडद्याबाहेर.

मिसळ जास्त तर्री
बोट जागा लक्षात ठेवतं आणि डोकं आकडा. आमच्या एटीएम पिनचं नेमकं हेच आहे, मशीन बदललं की मी फकीर.

खटपट्या
बोट फिरवणं काढूनच टाका. टॅबच्या खालच्या अर्ध्यात फोनसारखं कीपॅडच काढा ना, मोठ्ठं, १ ते ९. २ वर, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, ८ खाली, ५ दाबलं की थांबा. हे करताना तीन गोष्टी. 'क्लिक' वापरू नका, तो बोट उचलल्यावर कळवतो, 'पॉइंटरडाउन' वापरा, टेकवल्याबरोबर कळतं, थरथरणाऱ्या हाताला तेवढाच फरक पुष्कळ. बटणांच्या सीएसएसमध्ये (पानाचं रंगरूप ठरवणारा कोड) टच-अ‍ॅक्शन मॅनिप्युलेशन करा, म्हणजे दोनदा टेकवून पान मोठं होणार नाही. आणि युजर-सिलेक्ट नन करा, नाहीतर बोट जरा रेंगाळलं की आकडा निळा होऊन 'कॉपी करू का' विचारत बसतो.

अँड्रॉइड असेल तर नॅव्हिगेटर-व्हायब्रेट ने बटणाला १५ मिलिसेकंदांची कंपनं द्या. काचेवर बटण 'लागलं' हे बोटाला कळायला पाहिजे. आयफोनवर चालत नाही हे, पण तुम्हाला काय.

रानजाई
मूळच्या गेमबद्दल एक वाचलेलं सांगते. वेग वाढत गेला की खेळणं फार कठीण व्हायला लागलं, म्हणून आर्मांतोने आपटण्याच्या अगदी आधी किंचितसा थांबा ठेवला होता, काही मिलिसेकंदांचा, तेवढ्यात वळलात तर वाचलात. खेळणाऱ्याला ते कळायचं नाही, त्याला वाटायचं मी काय शिताफीने वाचवला. अबोली, तुझ्या बाबांना 'जुना साप ऐकायचा' असं वाटतं ना, त्यात ह्याचाही हात असेल काय माहीत.

तर्कट
म्हणजे गेमच चीटिंग करत होता, आपल्या बाजूने.

रानजाई
हो. आपल्या बाजूने.

सातवा मजला
हे करणं अवघड नाही. ठोक्याला बघायचं, पुढचं घर घातक आहे का. असेल तर ह्या ठोक्याला मारायचं नाही, एकदाच सोडून द्यायचं, पुढच्या ठोक्यालाही तीच दिशा असेल तर मग मारायचं. साप एक ठोका जागच्या जागी थबकतो, बस. बाबांच्या वेगाला १२० मिलिसेकंद पुरतील, वाटलं तर वाढवा.

हात घातलाच आहे तर शेपटीचंही बघून घ्या. डोकं जिथे जाणार तिथे आत्ता शेपटीचं टोक असेल, तर ते टोक त्याच ठोक्याला पुढे सरकणार असतं. मग मारायचं का? आधी शेपूट काढून मग टक्कर तपासली तर साप वाचतो. आधी टक्कर तपासली तर मरतो.

अबोली
बाबांना विचारलं. "शेपूट सरकणारच आहे ना, मग मी का मरू?" वाचवला. :)

पोपटी
अन्न कुठे टाकता? माझ्या भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टला हाच गेम केलेला. त्यात अन्न कधीकधी सापाच्या अंगातच उगवायचं, दिसायचंच नाही. मग त्याने 'रिकामं घर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा नंबर काढ' असं केलं. साप लांब झाला की गेम अडखळायला लागला आणि एकदा मित्राने अख्खा पट भरला तेव्हा ब्राउझरच गोठला, कारण रिकामं घरच उरलं नव्हतं आणि तो बिचारा नंबर काढतोय काढतोय.

खटपट्या
बरोबर. रिकाम्या घरांची यादी करायची आणि त्यातून एक उचलायचं. यादी रिकामी असेल तर 'जिंकलात' दाखवायचं. ४०० घरांची यादी दर वेळी केली तरी ब्राउझरला काही जड नाही.

बाकरवडी
४०० घरं भरणारे बाबा असतील तर गेम नको, त्यांना सोसायटीचे चेअरमन करा.

अबोली
मोठा अपडेट, निवांत वाचा.

कीपॅड केलं. बटणं इतकी मोठी की वहिनी म्हणाली कॅलेंडर आहे का. कंपनं चालू केली, बाबांना ती फार आवडली, गेम बंद असताना नुसतीच ५ दाबून बघतात. आवाजही घातला, खाल्लं की 'टुक'. तो आधी वाजतच नव्हता, मग समजलं की माणसाने पानाला एकदा हात लावल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून 'सुरू' बटणावरच आवाज चालू करायचा कोड टाकला.

थबकणं घातलं आणि बाबांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "आता कसा माणसात आला." मी गप्प.

मग दोन अपघात. पहिला, खेळता खेळता आत्याचा व्हिडिओ कॉल आला. वीस मिनिटं बोलून परत आले तर त्यांच्यासमोरच साप भर्रकन पळून स्वतःला चावून मेला. मला ओरडा बसला. दुसरा, आमच्या पुतण्याने टॅब 'स्लो झालाय' म्हणून ब्राउझरची हिस्टरी आणि सगळं साफ केलं, त्यात बाबांचा १३७ चा हायस्कोर गेला. तो लोकलस्टोरेज का काय, ब्राउझरचीच साठवणीची जागा, त्यात ठेवलेला होता. घरात दोन दिवस सुतक.

सातवा मजला
कॉलचं कारण सांगतो. पान मागे गेलं की फ्रेम थांबतात. परत आल्यावर कोड बघतो की मागच्या फ्रेमपासून वीस मिनिटं गेली, म्हणजे १०,००० ठोके राहिले, आणि इमानदारीत ते सगळे एका दमात भरून काढतो. वेळ मोजा असं मीच सांगितलं होतं, ही त्याची दुसरी बाजू. दोन उपाय, दोन्ही करा. एका फ्रेममध्ये साठवायचा वेळ जास्तीत जास्त २०० मिलिसेकंद धरा, वरचा सोडून द्या. आणि व्हिजिबिलिटी-चेंज ही घटना ऐकून पान लपलं की गेम थांबवा, परत आल्यावर आपोआप चालू करू नका, बाबांनी ५ दाबलं की मगच.

मिसळ जास्त तर्री
इमानदारीत १०,००० ठोके. आमच्या कामवाल्या मावशी चार दिवस सुट्टी घेऊन आल्यावर भांडी अशीच घासतात, आवाजही तसाच येतो.

आजोबा मोड
हायस्कोरचा उपाय सांगतो, कोड लागत नाही. टॅबच्या मागे पांढरी पट्टी चिकटवा आणि बॉलपेनने तारीख घालून लिहा. बसस्टँडमागच्या त्या दुकानात भिंतीवर खडूने नावं लिहिलेली असत. माझं तिसरं होतं. पुढे त्यांनी दिवाळीला चुना मारला.

खटपट्या
काकांचा उपाय लोकलस्टोरेजपेक्षा टिकाऊ आहे. चुना सोडून.

तर्कट
एक कबूल करतो. हा धागा वाचून काल रात्री मी एआयकडून साप बनवून घेतला, कौतुकाने बायकोला दिला. वर-डावीकडे. मेला. तोच बग.

पोपटी
@तर्कट मग काय केलंत?

तर्कट
रांग लावली. हाताने. दीड तास गेला. बायको झोपून गेली होती तोपर्यंत.

रानजाई
अबोली, लिंक देशील का? इथल्या आमच्या ऑफिसातल्या बाईंना दाखवायचाय. त्यांना सांगते हा नाशिकचा मातो.

अबोली
@रानजाई व्यनि (खासगी निरोप) केलाय. फाईल एकच आहे म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघितली, पण टॅबवर ती कुठल्यातरी व्ह्यूअरमध्ये उघडायची आणि स्कोर टिकायचा नाही. मग गिटहब पेजेस या वेबपान ठेवायच्या सोयीवर टाकली, फुकट आहे, आणि होम स्क्रीनवर चिन्ह करून दिलं.

थांबा-चालू पण केलं. आता कॉल आला की साप उभा राहतो, आत्याशी बोलून होईपर्यंत.

बाबांचा स्कोर पट्टीवर लिहायला लागलोय, काल १५२. खाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात "पुतण्यास हात लावू देऊ नये" असं लिहिलंय. आणि मी एक केलंय ते त्यांना अजून कळलेलं नाही, की कळून बोलत नाहीयेत माहीत नाही. कीपॅडवरचे आठ आकडे ठळक आहेत आणि ५ पुसट ठेवलाय, जवळजवळ दिसत नाही असा. दाबतात मात्र बरोबर तिथेच.

बाकरवडी
ते सगळं ठीक आहे, लिपिड प्रोफाईलचं काय झालं?

अबोली
@बाकरवडी सापाचं नॉर्मल. बाबांची साखर जरा वाढलीय, चार वाजायच्या आत चहा मागतात हल्ली.